शीची गोष्ट, आणि थोडी केळ्याची

आजची गोष्ट शीची आहे. हो, बाळाच्या लंगोटातल्या शीची. जेवता जेवता अंक वाचायची सवय असेल तर आधी ताट संपवा, हात धुवा आणि मग पुढचं वाचा. जेवताना वाचू नकोस असं आजी म्हणते ते उगाच नाही.

झालं? चला तर मग, बांगलादेशला जाऊ.

बांगलादेशच्या राजधानीत, ढाक्यात, मीरपूर नावाचा भाग आहे. तिथं एक अगदी दाटीवाटीची गरीब वस्ती आहे. एका खोलीत अख्खं घर, वर पत्रा, नळ आणि संडास शेजाऱ्यांबरोबर वाटून घ्यायचा. या वस्तीतल्या काही बाळांच्या घरी दर महिन्याला पाहुणे येत. ते खाऊ आणत नसत, उलट बाळाची शी घेऊन जात! ती डबीत भरायची, लगेच गोठवायची आणि डबीवर बाळाचा क्रमांक आणि तारीख लिहायची. बाळ जन्मल्यापासून ते दोन वर्षांचं होईपर्यंत, दर महिन्याला.

‘ई!’ म्हणालात ना? म्हणा. पण त्या पाहुण्यांना पाठवणाऱ्या संशोधकांच्या दृष्टीनं त्या डब्या म्हणजे खजिनाच होता.

हे संशोधक एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन केंद्रातले. १९६०मध्ये ते कॉलऱ्याच्या अभ्यासासाठी सुरू झालं, म्हणून ढाक्यातले लोक अजूनही त्याला ‘कॉलेरा हॉस्पिटल’च म्हणतात. तिथले डॉक्टर तहमीद अहमद आणि अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरातल्या वॉशिंग्टन विद्यापीठाचे जेफ्री गॉर्डन यांच्या डोक्याला एका कोड्यानं भुंगा लावला होता.

कोडं असं. एखादं मूल उपासमारीनं किंवा सारख्या आजारपणानं खूप वाळतं. त्याला आपण कुपोषण म्हणतो. त्यावर एक चांगलं औषध आहे आणि ते औषधासारखं कडू नाही, चक्क गोड आहे. शेंगदाण्याचं कूट, दूध पावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वं आणि खनिजं यांचं घट्ट वाटण, छोट्या पाकिटात भरलेलं. फ्रान्सचे बालरोगतज्ज्ञ आंद्रे ब्रिआँ यांनी १९९०च्या दशकात ते तयार करायला मदत केली. ९२ ग्रॅमच्या एका पाकिटात ५०० कॅलरी. शिजवायला नको, पाणी घालायला नको, कोपरा फाडायचा आणि चाटायचं. या पाकिटांनी आफ्रिकेत आणि आशियात असंख्य मुलांचे जीव वाचवले.

मग कोडं कसलं? जीव वाचतो, वजनही थोडं वाढतं, पण पुष्कळ मुलं पुढे म्हणावी तशी वाढत नाहीत. बुटकी राहतात, पुन्हा पुन्हा आजारी पडतात, शिकताना मागे पडतात. अन्न मिळालं, पोटात गेलं, तरी वाढ अडली ती कुठे?

याचं उत्तर शोधायला आपल्याला पोटात शिरावं लागेल. तिथं तुम्ही एकटे नाही आहात.

मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू राहतात असा अंदाज आहे. आपल्या स्वतःच्या पेशी साधारण ३० लाख कोटी. म्हणजे मतदान घेतलं तर तुमच्या शरीरात तुम्हीच हराल! यातले बहुतेक मोठ्या आतड्यात असतात. सगळ्यांना गोळा करून वजन केलं तर पाव किलोच्याही आत भरेल, पण कामं किती! जे आपल्याला पचत नाही ते पचवायचं, काही जीवनसत्त्वं तयार करायची, घुसखोर जंतूंना जागा मिळू द्यायची नाही.

जन्माच्या वेळी ही वस्ती जवळजवळ नसतेच. ती नंतर वसते आणि ती वसवायला सुरुवात करते आई. आईच्या दुधात एक गंमत आहे. त्यात काही खास शर्करा असतात, एक-दोन नाही, दीडशेहून जास्त प्रकारच्या. आणि बाळाला त्या अजिबात पचत नाहीत! आता सांगा, आईचं शरीर एवढे कष्ट करून बाळाला न पचणारी गोष्ट दुधात कशाला घालेल?

कारण ती बाळासाठी नाहीच. ती बाळाच्या पोटातल्या जीवाणूंसाठी आहे. बिफिडोबॅक्टेरियम नावाच्या कुळातले काही जीवाणू या शर्करांवर ताव मारतात. १८९९च्या सुमारास पॅरिसमध्ये हेन्री टिसिए या संशोधकाला हे जीवाणू पहिल्यांदा सापडले. कुठे? अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीत! म्हणजे या विषयात शीला मान आहे तो आजकालचा नाही. आई एकाच वेळी दोघांना जेवू घालते, बाळाला आणि बाळाच्या पाहुण्यांना. मला तर हे वाचल्यापासून आईच्या दुधाबद्दलचा आदर दुप्पट झालाय.

सहा महिन्यांनंतर बाळ दुधाबरोबर मऊ भात, डाळीचं पाणी, कुस्करलेलं फळ खायला लागतं. आतलं जेवण बदललं की आतली वस्तीही बदलते. मोकळ्या पडलेल्या प्लॉटकडे कधी नीट पाहिलंय? पहिल्या पावसात तिथं गवत आणि टाकळा उगवतो. दोन-तीन वर्षं कुणी हात लावला नाही तर घाणेरी, रुई येते. आणखी काही वर्षांनी बाभूळ किंवा सुबाभूळ डोकं वर काढते. जाणकार माणूस नुसता प्लॉट बघून सांगेल, हा किती वर्षं असाच पडलाय ते. पोटातही तसंच घडतं. आधी दूधवाले जीवाणू, मग हळूहळू डाळ-भाजी-फळं खाणारे. साधारण दोन-तीन वर्षांत वस्ती मोठ्या माणसासारखी होते.

आता कळलं ना, मीरपूरच्या त्या डब्या कशासाठी होत्या? निरोगी, छान वाढणाऱ्या बाळांच्या शीमधले जीवाणू महिन्यामहिन्याला मोजले. कोणता कधी येतो, कधी वाढतो, कधी मागे हटतो, याचा हिशोब संगणकाकडे दिला. संगणकानं शेकडो जीवाणूंतून २४ प्रकार निवडले आणि सांगितलं, एवढे बघितले तरी पुरे. त्यावरून नुसती शी तपासून बाळाचं वय सांगता यायला लागलं! जन्मदाखला नको, काही नको.

मग त्यांनी हीच युक्ती तीव्र कुपोषण झालेल्या ६४ मुलांवर वापरली. आणि इथं गाडी अडली. संगणक वय चुकीचं सांगत होता. म्हणजे मूल समजा दीड वर्षाचं, पण त्याच्या पोटातली वस्ती त्याहून कितीतरी लहान बाळासारखी. मूल मोठं झालं होतं, जीवाणू मोठे झालेच नव्हते.

या मुलांपैकी काहींना शेंगदाण्याची पाकिटं दिली, काहींना ढाक्यातच बनवलेली खिचुडी आणि हलवा. (खिचुडी म्हणजे आपली डाळ-तांदळाची खिचडीच, आणि हलव्यात गव्हाचं पीठ, डाळ आणि गूळ.) दोन्हींचा उपयोग झाला. पोटातली वस्तीही थोडी वयानं वाढली. पण उपचार थांबल्यावर काही महिन्यांत ती पुन्हा मागे पडली. २०१४मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत हे सगळं छापून आलं.

तुमच्यातल्या एखाद्या चौकस मुलीनं आता हात वर केला असेल. ‘पण कशावरून जीवाणूंमुळे वाढ थांबली? कदाचित मूल आजारी होतं म्हणून जीवाणू मागे राहिले असतील!’

शाब्बास. हाच खरा प्रश्न. आणि त्याचा माग आफ्रिकेतल्या मलावी देशात काढला जात होता.

मलावीत संशोधकांनी जुळ्या भावंडांच्या ३१७ जोड्या निवडल्या आणि ती तीन वर्षांची होईपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवलं. जुळीच का? कारण दोघांची आई एक, घर एक, चूलही एक. रोजचं जेवण बहुतेक मक्याच्या पिठाचं, घट्ट शिजवलेलं, सोबत थोडी भाजी. तरीही पुष्कळ जोड्यांमध्ये एक मूल ठीक राही आणि दुसऱ्याला कुपोषण होई. काहींना तर क्वाशिओरकोर नावाचं फार फसवं कुपोषण झालं. त्यात पाय सुजतात, पोट पुढे येतं, केसांचा रंग उतरतो. माहीत नसलेल्याला वाटावं, मूल चांगलं गुटगुटीत आहे! एकाला आजार दिसला की दोघांनाही शेंगदाण्याची पाकिटं दिली जात, म्हणजे कुणावर अन्याय नको.

आता उंदीर येतात.

साधे उंदीर नाहीत. सेंट लुइसच्या प्रयोगशाळेत हे उंदीर बंद प्लॅस्टिकच्या घरात जन्मतात, तिथंच वाढतात. हवा गाळलेली, अन्न निर्जंतुक, हात लावायचा तर भिंतीलाच बसवलेल्या हातमोज्यांतून. त्यांच्या पोटात एकही जीवाणू नसतो. अगदी रिकामं घर. या उंदरांपैकी काहींना निरोगी जुळ्याच्या शीमधले जीवाणू दिले, काहींना आजारी जुळ्याचे. आणि सगळ्यांना खायला मलावीसारखंच जेवण, मक्याचं पीठ आणि भाज्या.

आजारी जुळ्याचे जीवाणू मिळालेल्या उंदरांचं वजन भराभर उतरलं. निरोगी जुळ्याचे जीवाणू मिळालेल्यांचं तसं झालं नाही. शेंगदाण्याचं वाटण दिल्यावर वाळलेले उंदीर जरा सावरले, पण पुन्हा जुन्या जेवणावर आणल्यावर ते सावरणं फारसं टिकलं नाही. म्हणजे दोष एकट्या जीवाणूंचा नाही आणि एकट्या जेवणाचाही नाही. दोघांची जोडी जमली की घात होतो.

याच गटाचा २०१६चा एक प्रयोग तर मला फारच आवडतो. मलावीतल्या छान वाढणाऱ्या बाळांचे जीवाणू असलेले उंदीर आणि खुरटलेल्या बाळांचे जीवाणू असलेले उंदीर एकाच पिंजऱ्यात ठेवले. काय झालं? खुरटलेल्या गटाची वाढ सुधारली! हे कसं? उंदीर एकमेकांची शी खातात. (ताट संपवून या म्हटलं होतं ना.) त्यातून चांगल्या वस्तीतले जीवाणू शेजाऱ्याच्या पोटात गेले आणि तिथं मुक्काम ठोकला.

माणसांच्या मुलांना असं काही करायला अर्थातच कुणी सांगितलं नाही. अहमद आणि गॉर्डन यांनी वेगळा विचार केला. चांगले जीवाणू बाहेरून आणून सोडण्यापेक्षा, पोटात जे थोडेफार आहेत त्यांना आवडेल असं जेवण दिलं तर? आईचं दूध जे करतं तेच, पण पुढच्या वयासाठी. जेवण ठरवताना विचारायचं बाळाला नाही, बाळाच्या जीवाणूंना.

त्यांनी मीरपूरच्या घरांमध्ये लहान मुलांना जे भरवतात तेच पदार्थ घेतले. परदेशातून मागवलेलं, महागडं काही नको. ढाक्याच्या मुलांचे जीवाणू त्या रिकाम्या पोटाच्या उंदरांना दिले आणि एकेक पदार्थ खाऊ घालून पाहिला. कोणता जीवाणू कशावर खूश होतो? नंतर हेच बिनजंतूच्या डुकराच्या पिल्लांवरही करून पाहिलं, कारण त्यांचं पोट आपल्याशी जास्त जुळतं. गंमत म्हणजे तांदूळ आणि दूध पावडर, ज्यांवर आपला सगळ्यांचा एवढा विश्वास, ते या हव्याशा जीवाणूंना काही खास आवडले नाहीत.

मग आवडलं काय? हरभऱ्याचं पीठ. शेंगदाण्याचं पीठ. सोयाबीनचं पीठ. आणि केळं!

बस. एवढंच. त्यात थोडी साखर, सोयाबीनचं तेल आणि जीवनसत्त्वं-खनिजं. एवढ्या यंत्रांनी, एवढ्या संगणकांनी, एवढ्या उंदरांनी मिळून निवडलेल्या चार गोष्टी आपल्या कुठल्याही गावच्या बाजारात एका फेरीत मिळतील. मला यात फार समाधान वाटतं, खोटं कशाला सांगू.

पण निवडणं वेगळं आणि खरोखर उपयोग होणं वेगळं. सुरुवातीला मीरपूरमधल्या ६३ मुलांना चार आठवडे वेगवेगळी मिश्रणं दिली. त्यात या चौघांचं मिश्रण सरस ठरलं. मग मोठी चाचणी झाली आणि २०२१मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये तिचा निकाल आला. १२ ते १८ महिन्यांची, मध्यम कुपोषण असलेली ११८ मुलं. निम्म्यांना नवं मिश्रण, निम्म्यांना नेहमीचा पूरक आहार, ज्यात तांदूळ, मसूर आणि दूध पावडर असते. दिवसातून दोनदा, तीन महिने.

आता एक आकडा लक्षात ठेवा. नेहमीच्या आहारातून दिवसाला २४७ कॅलरी मिळत होत्या. नव्यातून फक्त २०४. म्हणजे नवं खाणाऱ्या मुलांना ऊर्जा कमी मिळत होती. तुम्ही पैज लावली असती तर कुणावर लावली असती?

जिंकलं नवं मिश्रण. कमी कॅलरी खाऊनही त्या मुलांचं वजन जास्त वेगानं वाढलं. त्यांचं रक्त तपासलं तर त्यातही फरक दिसला. मुलांच्या वाढीशी नातं असलेली ७० प्रथिनं वाढलेली होती, त्यात काही हाडांच्या वाढीशी संबंधित, काही मेंदूच्या. हरभरा-केळं खाल्लं आतड्यातल्या जीवाणूंनी आणि निरोप पोचला हाडांपर्यंत! तो नेमका कुठल्या वाटेनं पोचतो, हे आता शोधलं जातंय.

एक धागा हाती लागलाय. प्रिव्होटेला कोप्री नावाचा एक जीवाणू आहे. हरभरा, सोयाबीन, शेंगदाणे, केळं यांच्यात शर्करांच्या लांबच लांब, गुंतागुंतीच्या साखळ्या असतात. आपल्याकडे त्या तोडायची हत्यारं नाहीत, याच्याकडे आहेत. २०२४मध्ये संशोधकांनी दाखवलं की या जीवाणूचे काही ठरावीक वाण ज्या मुलांच्या पोटात जोमात होते, त्यांच्या वजनवाढीशी त्यांचं जवळचं नातं होतं.

आणि अगदी तान्ह्या बाळांचं काय? त्यांना तर केळंही देता येत नाही. त्यांच्यासाठी ढाक्यातच वेगळा प्रयोग झाला. तीव्र कुपोषण झालेल्या, सहा महिन्यांहून लहान बाळांच्या पोटात दूधवाला बिफिडोबॅक्टेरियम फार कमी सापडला. मग तोच जीवाणू त्यांना काही आठवडे रोज दिला आणि त्यांचं वजन इतरांपेक्षा चांगलं वाढलं. मलावीत आयांचं दूधही तपासलं. ज्यांची बाळं फार खुरटलेली होती, त्यांच्या दुधात जीवाणूंना खाऊ पुरवणाऱ्या काही शर्करा कमी होत्या. याचा दोष आईला द्यायचा नाही बरं का.

एक गोष्ट मात्र कान देऊन ऐका. हे वाचून घरातल्या लहान भावंडाच्या तोंडात मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे कोंबायला जाऊ नका! अख्खा दाणा लहान बाळाच्या श्वासनलिकेत अडकू शकतो आणि ते फार धोक्याचं असतं. ढाक्यात सगळं पिठासारखं बारीक करून, मोजून-मापून दिलं होतं. आणि तुमची बहीण ठणठणीत असेल तर तिचे जीवाणूही बहुधा आपापल्या कामाला लागलेले असतील, त्यांना सुखानं राहू द्या.

बाकी, कुपोषणाचा प्रश्न केळ्यानं सुटला असं मी म्हणणार नाही, कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. मीरपूरच्या त्या नळाला स्वच्छ पाणी आलं नाही तर बाळाला पुन्हा जुलाब होणार आणि कष्टानं वसवलेली वस्ती पुन्हा वाहून जाणार. वडिलांची मजुरी बुडाली तर घरात डाळच शिजणार नाही. शिवाय मलावीतल्या मुलाच्या पोटातले जीवाणू ढाक्यातल्यासारखेच असतील असं नाही आणि तिथल्या बाजारातल्या टोपल्याही वेगळ्या. म्हणून दुसऱ्या ठिकाणीही हे मिश्रण नीट तपासूनच वापरावं लागेल.

आणि उंची? ढाक्याच्या त्या तीन महिन्यांत वजनात फरक पडला, उंचीत म्हणावा तसा नाही. वजन आठवड्यांत हलतं, उंचीला वेळ लागतो, त्यामुळे तिच्यासाठी मुलांकडे पुन्हा पुन्हा जाऊन मोजावं लागतं. दोन वर्षांच्या आतल्या मुलांची तर उंची नाही, लांबी मोजतात, लाकडी फळीवर निजवून. एकानं डोकं धरायचं, दुसऱ्यानं गुडघे सरळ करायचे आणि बाळानं जिवाच्या आकांतानं रडायचं. ढाक्यात काय आणि चंद्रपुरात काय, या बाबतीत सगळी बाळं सारखीच.